भोपाळचे शोमरोनी

प्रभू येशूने सांगितलेला शोमरोन्याचा दाखला आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. यरीहोच्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या प्रवाशाला पाहून याजक जातो, लेवीही जातो. थांबतो तो शोमरोनी. वर्गात हा दाखला शिकविताना मला वाटते, की ‘शोमरोनी’ हा शब्द आपण फार गुळगुळीत करून टाकला. मूळ श्रोत्यांच्या लेखी तो परधर्मीच होता. त्याचे नाव त्यांना बोचावे, अशीच ती कथा रचली आहे.

आमच्या भोपाळने अशी माणसे पाहिली. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. जवळच असलेल्या रेल्वे स्थानकावर उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर कामावर होते. डोळे जळू लागले, घसा दाटला. काय घडले आहे हे त्यांना कळले नव्हते, परंतु फलाटावर प्रवाशांनी भरलेली एक्सप्रेस गाडी उभी आहे, एवढे दिसत होते. सुटण्याची वेळ झालेली नसताना, वरिष्ठांच्या हुकुमाची वाट न पाहता, त्यांनी ती रवाना केली. भोपाळकडे येणाऱ्या गाड्या थांबवा, असा निरोप विदिशा व इटारसीला धाडला. स्वतःचे कुटुंब याच शहरात असूनही ते स्थानक सोडून गेले नाहीत.

त्याच महिन्यात मदर तेरेसा येथे आल्या, रुग्णांच्या उशाशी बसल्या आणि क्षमेविषयी बोलल्या. त्या माझ्याच धर्माच्या, पुढे २०१६ साली संतपदी आरूढ झालेल्या. तरीही सांगतो, ते शब्द अनेक भोपाळकरांना रुचले नाहीत, आणि त्यांचा राग मला समजतो. क्षमा करण्याचा अधिकार घायाळाचा असतो, आणि जखम बांधण्याआधी ती मागणे हे घाईचे होय. दाखल्यातला शोमरोनी क्षमेची भाषा बोलतच नाही. तो तेल व द्राक्षारस ओततो, सराईवाल्याला पैसे देतो, आणि परत येईन, जास्त खर्च झाला तर तोही फेडीन, असे बजावतो.

हे परत येणेच आम्हांला कठीण जाते. १९८९ मध्ये कंपनीने ४७ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. कोर्टाने दोषी ठरविलेल्यांना २०१० मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली. मधल्या काळात बाहेरची मदत ओसरली. मागे राहिल्या त्या रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ल यांच्यासारख्या स्त्रिया. एक मुसलमान, एक हिंदू, दोघीही वायुपीडित. २००४ मध्ये दोघींना गोल्डमन पुरस्कार मिळाला. ती रक्कम त्यांनी घरी नेली नाही. तीतून ‘चिंगारी’ ट्रस्ट उभारला. वायुपीडितांच्या घरांत व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांवर तेथे मोफत उपचार होतात. कोणाचे मूल कोणत्या धर्माचे, हे तेथे विचारीत नाहीत.

दस्तगीरांचा घसा मात्र पुन्हा बरा झाला नाही. पुढची वर्षे दवाखान्यांत गेली. २००३ साली ते निवर्तले. त्या रात्री कामावर असताना मेलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांचे स्मारक भोपाळ स्थानकाच्या एक नंबर फलाटावर आहे. दस्तगीर नंतर वारले, म्हणून त्यांचे नाव त्या दगडावर नाही.