डक्टिंग, पत्र्याचे (सुतारकामातील भुसा-संकलनासाठी)

रंधा, गोल करवत, सँडर इत्यादी लाकूडकामाच्या यंत्रांवर निघणारा भुसा हवेबरोबर ओढून सायक्लोन किंवा कापडी पिशव्यांच्या फिल्टरपर्यंत नेणारी धातूच्या नळांची जोडणी. कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने (आयएआरसी) १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश माणसाला कर्करोग होण्यास कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. भारतात १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १४ मध्ये धूळ जिथे उत्पन्न होते त्याच्या शक्य तितक्या जवळ ती ओढून घेण्याचे तत्त्व घालून दिले होते.

वेग व व्यास : भुसा नळात तरंगत वाहत राहावा यासाठी हवेचा वेग सेकंदाला सुमारे २० मी. असावा लागतो. १५० मिमी. व्यासाच्या नळातून या वेगाने तासाला सुमारे १,२७० घ. मी. (मिनिटाला ७५० घनफूट) हवा जाते. तेवढीच हवा २०० मिमी.च्या नळातून नेल्यास वेग ११ मी.वर उतरतो आणि भुसा तळाशी बसू लागतो. १०० मिमी.चा नळ घेतल्यास वेग ४५ मी. व्हावा लागतो आणि घर्षणाने होणारी दाबातील घट सात-साडेसात पटींनी वाढते; ती हवा ओढणाऱ्या साध्या पंख्याला (ब्लोअरला) झेपत नाही. त्यामुळे मुख्य नळाचा व्यास एका वेळी किती यंत्रे चालणार यावरून ठरवतात. दोन यंत्रांसाठी आखलेल्या नळावर एकच चालत असेल, तर दुसऱ्या यंत्राच्या फांदीवरचे ब्लास्ट गेटही (फांदी उघडण्या-मिटण्याचे सरकते झाकण) उघडे ठेवून वेग टिकवतात.

साहित्य : जस्ताचा मुलामा दिलेला (जीआय) पत्रा किंवा त्याचाच सर्पिल शिवणीचा नळ वापरतात. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो. वातानुकूलनासाठीचा ३० गेजचा पत्रा, विशेषतः सर्व गेट बंद असताना, ब्लोअरच्या ओढीने चेपू शकतो. म्हणून २२ ते २६ गेजचा पत्रा पसंत करतात. पीव्हीसीच्या नळात भुशाच्या घर्षणाने स्थिर विद्युतभार साठतो. धातूच्या नळातून तो जमिनीत उतरवता येतो, मात्र सर्व तुकडे एकमेकांशी विद्युतदृष्ट्या जोडलेले आणि अर्थिंग केलेले हवेत. रबरी गॅस्केट किंवा लवचीक होज मध्ये आल्यास तांब्याची तार ओलांडून घेतात.

जोडणी : आधी यंत्रांच्या जागा पक्क्या करून मुख्य नळ भिंतीलगत किंवा छताखाली सरळ टांगतात. बाकाची त्रिज्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट ठेवतात. यंत्राकडून येणारी फांदी मुख्य नळाला वरून किंवा बाजूने, ३० ते ४५ अंशांत, प्रवाहाच्या दिशेने मिळवतात. काटकोनी टी टाळतात. चुण्या पाडून अरुंद केलेले टोक ब्लोअरकडे तोंड करून पुढच्या तुकड्यात सरकवतात. ते उलटे बसल्यास त्याच्या कडेला रंध्याच्या लांब ढलप्या अडकतात. लांब स्क्रूची आत आलेली टोकेही तसाच गुंता करतात, म्हणून रिव्हेट किंवा आखूड स्क्रू वापरून सांधा सिलिकॉनने अथवा ॲल्युमिनियमच्या टेपने बंद करतात. होजचा प्रतिरोध गुळगुळीत नळापेक्षा बराच जास्त असल्याने तो यंत्रालगत, गरजेपुरताच ठेवतात. प्रत्येक फांदीवर ब्लास्ट गेट आणि मुख्य नळाच्या टोकाला सफाईसाठी काढता येणारे झाकण असते.

चाचणी व निगा : ब्लोअर चालू करून सांध्यांजवळ पातळ कागदाची पट्टी धरतात, गळती असेल तिथे ती आत ओढली जाते. यासाठी उदबत्ती वापरू नये, कारण तिचा निखारा ओढला गेल्यास भुसा पेटू शकतो. फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक मॅनोमीटरवर वाढत गेला, तर पिशव्या तुंबल्या असे समजतात. धातू घासणाऱ्या ग्राइंडरच्या ठिणग्या याच नळात सोडणे आगीला व स्फोटाला निमंत्रण ठरते. अशा यंत्रासाठी स्वतंत्र संकलन व्यवस्था करतात.