परदेशी व्यापारातील लाचबंदी आणि स्पर्धेचा प्रश्न : गोव्यातील प्रकरणाच्या संदर्भात

प्रस्तावना :
सत्ताधाऱ्यांना पैसे चारून कामे करवून घेण्याची प्रथा जुनी आहे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत अशा देण्यास ‘दरबारखर्च’ म्हणत. आधुनिक काळात परदेशी लाच देणाऱ्या कंपनीला तिच्या मायदेशीच शिक्षा होऊ लागली. त्यामुळे अशी कंपनी स्पर्धेत मागे पडते काय, या प्रश्नाचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कायद्याची वाटचाल :
लॉकहीड विमान कंपनीच्या लाचप्रकरणात जपानचे माजी पंतप्रधान तनाका यांना १९७६ मध्ये अटक झाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेने परदेशी लाच देणे गुन्हा ठरविले. तेव्हा युरोपीय कंपन्यांवर असे बंधन नव्हते. जर्मनीत १९९० च्या दशकातही परदेशातील लाच खर्च म्हणून करातून वजावटीस पात्र ठरत असे. अमेरिकी उद्योजकांची तक्रार म्हणूनच निराधार नव्हती. तिच्यावर उपाय म्हणून कायदा रद्द न करता इतरांनाही त्याच बंधनात आणण्याचे धोरण अमेरिकेने स्वीकारले. त्यातून १९९७ चा ओईसीडी करार झाला. २००८ मध्ये जर्मनीच्या सीमेन्स कंपनीला अमेरिका व जर्मनीत मिळून सुमारे १६० कोटी डॉलर भरावे लागले.

गोव्यातील प्रकरण :
जपानी कर्जातून उभारलेल्या गोव्यातील पाणीपुरवठा व मलनिस्सारण प्रकल्पाचे सल्लागार काम मिळविण्यासाठी लाच दिल्याची कबुली न्यू जर्सीच्या लुई बर्जर इंटरनॅशनल कंपनीने जुलै २०१५ मध्ये दिली. १९९८ ते २०१० या काळात भारत, इंडोनेशिया, व्हिएतनाम व कुवेत येथे तिने ३९ लाख डॉलर लाच दिली. दंड १ कोटी ७१ लाख डॉलर झाला. अमेरिकी कायदा या संपूर्ण काळात अस्तित्वात होता. म्हणजे कायद्याने कंपनीचे हात बांधले नव्हते. बांधले गेले ते लाच न देणाऱ्या स्पर्धकांचे. कर्जाची परतफेड मात्र सार्वजनिक तिजोरीतूनच व्हायची होती.

निष्कर्ष :
स्पर्धेतील हानीचे कारण देऊन अमेरिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये या कायद्याची अंमलबजावणी स्थगित केली आणि जूनमध्ये ती नव्या, मर्यादित निकषांवर सुरू केली. भारतात परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्याविरुद्धचे २०११ चे विधेयक संमत झाले नाही. इतिहास पाहता तोटा लाचबंदीमुळे होत नसून ती सर्वांना सारखी लागू नसल्यामुळे होतो. बंधन सैल केल्यास प्रामाणिक स्पर्धकाबरोबर यजमान देशातील करदाताही नागवला जातो.