मधले दिवस

आमच्या धुळ्याच्या वन्संचा एक प्रश्न गेले काही दिवस डोक्यात घोळतोय. "वहिनी, आधी मॅमोग्राफी, मग सोनोग्राफी, मग सुई, मग रिपोर्टची वाट... हे सगळं एकदाच का नाही उरकून टाकत?" प्रश्न भाबडा वाटेल, पण इतिहास शिकवण्यात जन्म गेल्यामुळे मला त्याचं उत्तर शोधावंसं वाटलं. आणि गंमत म्हणजे, एके काळी खरोखरच सगळं एकदाच उरकत असत!

बाईच्या छातीत गाठ लागली की डॉक्टर आधीच दोन्ही गोष्टींच्या संमतीपत्रावर सही घ्यायचे. भूल द्यायची, गाठीचा तुकडा काढायचा, तो गोठवून त्याचा काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. काही मिनिटांत निकाल. तोवर बाई टेबलावर बेशुद्धच. निकाल वाईट आला तर त्याच भुलेत पूर्ण स्तन काढायचा, आणि हॉल्स्टेड या अमेरिकन सर्जनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेल्या पद्धतीत तर छातीचे स्नायूसुद्धा. म्हणजे झोपताना बाईला ठाऊक नसे की जागी होईल तेव्हा शरीर कसं असेल. जाग आल्यावर हात आधी छातीकडे जायचा आणि तोच तिचा रिपोर्ट.

१९७४ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचं असंच झालं. त्याच वर्षी रोझ कुशनर नावाच्या पत्रकार बाईंना गाठ लागली. त्यांनी हट्ट धरला : आधी फक्त तपासणी करा, निकाल मला सांगा, पुढचं मी ठरवीन. असं करायला तयार असलेला सर्जन मिळवताना त्यांची दमछाक झाली. पण त्यांनी लिहिलं, भांडल्या. अखेर १९७९ मधे तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ समितीने, जिच्यात कुशनरबाई स्वतः होत्या, तपासणी आणि शस्त्रक्रिया वेगवेगळ्या कराव्यात अशी शिफारस केली. पुढे १९८५ मधे बर्नार्ड फिशर यांच्या अभ्यासाने दाखवलं की लहान गाठ असेल तर फक्त ती काढून किरणोपचार दिले तरी बाई तितकीच जगते. निवड करायला वाव आहे हे तेव्हा पक्कं झालं. वाव आहे तर विचाराला वेळ हवाच!

म्हणजे वन्सं, ज्या मधल्या दिवसांना आपण कंटाळतो, ते भांडून मिळवलेले आहेत.

हे सगळं वाचायचं कारण आता तुम्हाला कळलंच असेल. जळगावला काढलेल्या माझ्या मॅमोग्राफीच्या रिपोर्टवर 'बायरॅड्स शून्य' असं आलं. शिक्षकाला शून्य म्हणजे नापास! पण इथे शून्याचा अर्थ 'पेपर अजून पूर्ण तपासलेला नाही' एवढाच. सोनोग्राफीनंतर शून्याचे '४ अ' झाले. म्हणजे अशा शंभर बायकांत कर्करोग साधारण दोन ते दहा जणींना निघतो, बाकीच्या नव्वदहून अधिक सुखरूप असतात. गणित सोपं आहे, पण रात्री तीन वाजता ते पटत नाही हेही खरं.

जागा बधिर करून जाड सुईने बारीक तुकडे काढले. स्टेपलरसारखा 'टक्' आवाज होतो, त्यानेच दचकायला होतं. सुईने रोग पसरतो ही आपल्याकडची भीती, पण सुई लावल्यामुळे बायका लवकर दगावतात असं कुठे आढळलेलं नाही. तुकडे फॉर्मॅलिनमधे ठेवायचे, मेणात बसवायचे, त्याचे पापुद्रे काढून रंगवायचे आणि मग बघायचे, म्हणून दिवस लागतात. हे लिहिताना माझा रिपोर्ट यायचाच आहे.

या काळात आणखी एक गोष्ट वाचली, ती आपल्या मुंबईची. १९९८ साली टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत मॅमोग्राफी नाही, मशीन नाही, फक्त प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांचे हात. दर दोन वर्षांनी तपासणी. २०२१ मधे निकाल छापून आला : पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आतल्यांत मात्र तसा फायदा दिसला नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय.

मला त्यात आकड्यांपेक्षा वेगळंच दिसलं. सेविकेच्या बोटांना गाठ लागली की तिचं काम संपत नसे. त्या बाईने मोलमजुरी बुडवून, घरच्यांची समजूत घालून परळच्या हॉस्पिटलपर्यंत यायला हवं. गाठ नुसती सापडून कोणी वाचत नाही, पुढची पायरी चढणारी वाचते. आपल्या खान्देशात किती जणी पहिल्या रिपोर्टनंतर 'शेतातलं आटपलं की बघू' म्हणून थांबतात, तुम्हीच आठवून बघा. कापूस वेचून होतो, मग गहू येतो, मग लग्नसराई.

असो. भाच्या, सुना, मैत्रिणींनो, कुणाच्या रिपोर्टवर 'पुन्हा तपासा' आलं असेल तर घाबरा, हरकत नाही. पण घाबरत घाबरत का होईना, तारीख घ्या.