राख कोणी उचलायची?

आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात डोंगर पेटतात. रात्री अंगणात बाज टाकून आडवे व्हावे, तो समोरच्या डोंगराच्या खांद्यावरून आगीची एक वाकडीतिकडी माळ सरकताना दिसते. मुले ती बोटाने दाखवतात. म्हातारी माणसे "वणवा लागला" एवढेच म्हणतात आणि कूस बदलतात. गवत जळते, करवंदीच्या जाळ्या जळतात. पण गाव बहुधा सुखरूप असते. म्हणून वणव्याने गावेच्या गावे पुसली जातात हे आपल्या मनाला चटकन पटत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यातील व्हिक्टोरिया राज्यात मात्र लोकांनी आपल्या कपाळीचे वार मोजून ठेवले आहेत. १३ जानेवारी १९३९ चा काळा शुक्रवार. १६ फेब्रुवारी १९८३ चा राखेचा बुधवार. आणि ७ फेब्रुवारी २००९ चा काळा शनिवार. ऐन दिवाळीत दिव्यांच्या ओळी सोडून मी ही काळ्या वारांची यादी घेऊन बसलो, याबद्दल वाचकांनी रागावू नये. मला सांगायची आहे ती आगीची गोष्ट नव्हेच. आग विझल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय होते, सरकार काय करते, माणसे काय करतात, ही गोष्ट मला सांगायची आहे. आगीचे वर्णन करायला फार प्रतिभा लागत नाही. राखेचा इतिहास लिहिणे अवघड, कारण तो वर्षानुवर्षे चालतो आणि त्यात धावपळीपेक्षा अर्ज अधिक असतात.

१९३९ च्या वणव्यांत ७१ माणसे मेली. त्या ऋतूत वीस लाख हेक्टरांच्या आसपास मुलूख जळाला. रानातल्या कितीतरी लाकूड-गिरण्या आणि त्यांच्याभोवतीच्या वस्त्या राख झाल्या. लिओनार्ड स्ट्रेटन नावाच्या न्यायाधीशाला चौकशीला नेमले. हा मनुष्य मोठा सरळ. त्याने आगीचे खापर दैवावर फोडले नाही. माणसांच्याच हातांनी ती लागली, असा निष्कर्ष त्याने लिहून ठेवला. त्या चौकशीतून आणि पुढच्या काही वर्षांतल्या वणव्यांतून धडा घेऊन १९४४ साली ग्रामीण अग्निशमन खात्याचा कायदा झाला. गावोगावच्या स्वयंसेवकांची दले एका छत्राखाली आली. रानात पहारा आला, रस्ते आले. परंतु ज्यांचे जळले त्यांचे पुढे काय, हा प्रश्न त्या काळी बराचसा शेजाऱ्यापाजाऱ्यांवर, चर्चवर आणि वर्गणीवर सोपवलेला होता.

आता सत्तर वर्षे ओलांडून २००९ कडे येऊ. मधल्या काळात शहरातली पुष्कळ माणसे हौसेने रानाच्या कुशीत राहायला गेली होती. हे रान कसले, तर निलगिरीचे. सर्दीत आपण रुमालावर दोन थेंब टाकून हुंगतो तेच तेल या झाडांच्या पानापानांत असते. त्यांची साल लांबलांब पट्ट्यांनी सुटते, पेटते आणि वाऱ्यावर काही कोस पुढे जाऊन पडते. म्हणजे आग चालत येत नाही, उड्या मारीत येते.

त्या वर्षी अनेक वर्षांचा दुष्काळ साचलेला होता. शनिवारी मेलबर्न शहरात पारा ४६.४ अंशांवर गेला. राज्याचे मुख्यमंत्री जॉन ब्रम्बी यांनी आदल्या दिवशीच लोकांना बजावले होते की, उद्याचा दिवस फार वाईट आहे. दुपारच्या आत किलमोर ईस्ट येथे विजेची एक तार तुटली आणि ठिणगी पडली. त्या दिवशी राज्यात तीनशेहून अधिक ठिकाणी आगी लागल्या. संध्याकाळी वारा फिरला, तेव्हा आगीची लांबलचक कूसच तिचे तोंड झाली. एकट्या किलमोर ईस्टच्या आगीत ११९ माणसे गेली. मेरीसव्हिल गावावर आलेल्या आगीत ४०. सगळे मिळून १७३. दोन हजारांहून अधिक घरे जळाली. चटका लावणारी गोष्ट ही की, मेलेल्यांपैकी ११३ जण घरांतच मेले. 'तयारी करून घर राखा, नाहीतर वेळेवर निघा' असे सरकारी धोरण होते, आणि घर राखू म्हणून कित्येक थांबले होते.

मेरीसव्हिल हे पाचशे वस्तीचे, नव्या जोडप्यांनी मधुचंद्राला जावे असे डोंगरातले टुमदार गाव. तिथे बोटांवर मोजण्याइतक्या इमारती उभ्या राहिल्या. स्ट्रॅथवेन त्याहून लहान, सुमारे दोनशे माणसांचे. त्यांतली २७ गेली. शाळा गेली, सभागृह गेले.

आता सरकारची गोष्ट. सरकारला नावे ठेवण्याची आपणा सर्वांनाच सवय आहे, मलाही आहे. पण इथे आधी चांगले ते सांगितले पाहिजे. शनिवारी आग लागली आणि मंगळवारी, १० फेब्रुवारीला, पुनर्बांधणीसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. राज्याच्या पोलीसप्रमुख क्रिस्टीन निक्सन त्याच्या अध्यक्ष झाल्या. केंद्र सरकारने प्रौढ माणसामागे हजार डॉलर आणि मुलामागे चारशे डॉलर हातखर्चाला दिले. पंतप्रधान केव्हिन रड यांनी ही गावे पुन्हा उभी करू असे वचन दिले. देशोदेशींहून वर्गणी आली; रेड क्रॉस आणि सरकारे यांच्या निधीत ३७ कोटी डॉलरांहून अधिक जमले. तो कसा वाटायचा हे ठरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष होते जॉन लँडी, माजी राज्यपाल. १९५४ साली चार मिनिटांच्या आत मैल धावणारा जगातला दुसरा माणूस तो हाच. पैसा वाटण्याचे काम मैल धावण्यापेक्षा अवघड असते, हे त्यांनाही कळले असेल. ज्याने वर्षानुवर्षे विम्याचे हप्ते भरले त्याला कमी द्यावे, आणि ज्याने भरलेच नाहीत त्याला जास्त? घरमालकाला द्यावे, मग भाडेकरूचे काय? दुःख मोजायला माप नाही. पैसा मोजावाच लागतो.

तरी मला सर्वांत मोलाचे वाटते ते निराळेच काम. सरकारने जाहीर केले की जळलेल्या घरांचा ढिगारा आम्ही उचलू, फुकट उचलू, विमा असो वा नसो. तीन हजारांहून अधिक जागा साफ करायच्या होत्या. जुन्या घरांत ॲस्बेस्टॉसचे पत्रे. त्यांची धूळ छातीत गेली की घात. ज्या बाईचे माणूस त्याच घरात गेले, तिने स्वतः पाटी-फावडे घेऊन ती राख उपसायची? की कंत्राटदाराशी घासाघीस करायची? तेवढी एक गोष्ट तिच्या माथ्यावरून उतरली. हे काम काही महिन्यांत उरकले. त्यात उद्घाटनाची फीत नाही, कोनशिला नाही. मागे राहते ती नुसती मोकळी जमीन.

इथपर्यंत सरकार वेगाने धावले आणि ते धावणे योग्यच होते. पुढे मात्र त्या वेगाचाच जाच होऊ लागला. माणसे अजून अंत्यसंस्कारांतून उठली नव्हती आणि त्यांना विचारले जात होते: गावाचा आराखडा कसा हवा? दुकाने कुठे? सभागृह केवढे? गावोगाव लोकांच्या समित्या नेमल्या गेल्या. हेतू चांगला की निर्णय लोकांनीच घ्यावेत. पण ज्याला रात्री झोप नाही, ज्याला आपल्या मुलांचे दप्तर कुठे ठेवायचे ते सुचत नाही, त्याने पाच वर्षांची योजना आखायची! शिवाय मार्च २००९ मध्येच घरबांधणीचे नवे, कडक नियम आले. रानाच्या अगदी काठाला घर बांधायचे तर काच निराळी, दार निराळे, छप्पर निराळे. खर्च पुष्कळ वाढला. नियम चुकीचे नव्हते. मात्र एका खिडकीवर पैसा मिळत होता आणि शेजारच्या खिडकीवर बांधकाम महाग होत होते. मेरीसव्हिल, किंगलेक, फ्लॉवरडेल येथे तात्पुरती गावे उभारली होती. एकत्र स्वयंपाकघर, एकत्र धुण्याची जागा. तिथे कित्येकांना शेजार मिळाला. कित्येक मात्र विमा आणि मदत घेऊन दूर निघून गेले. कोणी कोणाला दोष द्यावा? २०११ च्या जनगणनेत मेरीसव्हिलची वस्ती २२६ भरली. घरे परत बांधता येतात. निघून गेलेला शेजारी बांधता येत नाही.

चौकशीचे काम बर्नार्ड टीग या निवृत्त न्यायाधीशांच्या आयोगाकडे होते. आयोग १५५ दिवस बसला. ४३४ साक्षी झाल्या. त्यांत अधिकारी आणि तज्ज्ञ होते, तशी साधी गावची माणसेही होती. आयोगाने आणखी एक गोष्ट केली ती मला फार मोठी वाटते. १७३ मृत्यूंपैकी प्रत्येकाचा स्वतंत्र विचार केला. अमुक माणूस कुठे होता, काय करीत होता, कसा गेला, हे घरच्यांच्या समक्ष सांगितले गेले. शेवटचा अहवाल जुलै २०१० मध्ये आला, ६७ शिफारशींसह. त्यात अधिकाऱ्यांवर ठपका आला. पोलीसप्रमुख निक्सन त्या संध्याकाळी काम सोडून जेवायला गेल्या होत्या, हे चौकशीत उघड झाले होते. त्याच महिन्यात त्या पुनर्बांधणीच्या अध्यक्षपदावरून दूर झाल्या. ज्या बाईंनी नंतर राखेतल्या गावांतून दीड वर्ष पायपीट केली, त्यांच्या नावापुढे लोकांना ते जेवणच आठवते. इतिहासाचा तराजू असा आहे.

रानाला चिकटलेल्या धोक्याच्या जमिनी सरकारने विकत घ्याव्यात, ही शिफारस त्या वेळच्या सरकारने तशी मानली नाही. पुढच्या सरकारने मर्यादित प्रमाणात ती योजना आणली. विजेच्या तारेचा दावा २०१४ साली सुमारे ४९ कोटी डॉलरांवर मिटला. वीज कंपनीने दोष मात्र पत्करला नाही. पैसे लोकांच्या हाती पडेपर्यंत आणखी दोनेक वर्षे गेली. पुनर्बांधणीचे मंडळ तोवर, २०११ च्या मध्यालाच, बंद झाले होते. सरकारी कामाला शेवटची तारीख असते. दुःखाला नसते, एवढीच अडचण.

हे मी हवेत बोलत नाही. मेलबर्न विद्यापीठाच्या अभ्यासकांनी या गावांचा दहा वर्षे पाठपुरावा केला. सर्वांत होरपळलेल्या वस्त्यांत तीन-चार वर्षांनंतरही सुमारे चौथाई माणसांच्या मनाची घडी विस्कटलेली आढळली. घरात स्त्रियांना मारहाण होण्याचे प्रमाणही अशा गावांत अधिक दिसले. गावातल्या मंडळांत, खेळांत, भजनी मंडळासारख्या गायनसंघांत जे मिसळत होते ते तुलनेने सावरले. पण जे सगळ्याच समित्यांवर बसले तेही पुन्हा थकून खचले.

आणि एक गोष्ट माझ्यासारख्या मास्तराच्या जिव्हारी लागणारी. आगीच्या सुमारास जी मुले नुकती शाळेत घातली होती, ती पुढे तिसरी ते पाचवीच्या काळात वाचनात आणि गणितात अपेक्षेपेक्षा मागे पडलेली दिसली. आग लागली तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. वर्षे लोटली, घरे उभी राहिली, आणि भागाकारात ती आग उगवली. वर्गात अशी मुले गप्प बसतात, मागच्या बाकावर, आणि आपण शेऱ्यात लिहितो, 'लक्ष नाही'.

स्ट्रॅथवेनकडे मी म्हणूनच वळतो. या गावाने आपली पुनर्बांधणीची संस्था स्वतःच उभारली. सभागृह, शाळा परत आली. जगभरच्या लोहारांनी घडवून पाठवलेल्या तीन हजारांहून अधिक पानांचे एक धातूचे निलगिरीचे झाड २०१४ पासून तिथे उभे आहे. पानांवर नावे आहेत, शब्द आहेत. सरकारने सांगितले असते तर लोहारांनी पाने घडवली असती का, कोण जाणे.

त्या गावच्या शाळेत २०१३ पासून पाचवी-सहावीच्या मुलांना शेजारच्या अग्निशमन दलाचे स्वयंसेवक वणवा शिकवतात. भीती घालीत नाहीत. वारा कुठून येतो, उतारावर आग हळू आणि चढावर भराभर का जाते, आजचा धोक्याचा आकडा काय, हे मुलांना वाचता येऊ लागते. मुले गावातल्या माणसांना भेटून त्यांच्या हकीकती विचारतात, मातीच्या बाहुल्या करून त्यांची चलच्चित्रे बनवतात आणि घरी जाऊन आईबापांना विचारतात, "आपला बेत काय आहे?" आता या वर्गांत बसणारी मुले त्या शनिवारी जन्मलीही नव्हती. मेरीसव्हिलमध्येही वस्ती २०१६ च्या मोजणीत चारशेच्या जवळ आली. जळालेल्या डोंगरांवर उंच निलगिरीची नवी रोपे दाटीने वर आली आहेत. ही जात जळून मरते आणि आपले बी राखेतच टाकून जाते. उन्हाळा आला की त्या झाडांखालून शाळेची मुले वाऱ्याची दिशा वहीत टिपून घेत जातात.