लाकडी बूच आणि पायलट बेअरिंग

मोटारगाडीच्या क्लचचे काम निघाले की गिअरबॉक्स खाली उतरवावी लागते. जुनी क्लच प्लेट आणि फ्लायव्हील काढले की क्रँकशाफ्टच्या टोकावरील खळग्यात एक लहानसे कडे बसवलेले दिसते. हेच पायलट बेअरिंग. गिअरबॉक्समधून पुढे आलेल्या दांड्याचे टोक त्यात टेकलेले असते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत ते नसते. इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, अशा पुष्कळ गाड्यांत असते. या कामातला हा बहुधा सर्वांत स्वस्त भाग. पण झिजलेला तसाच राहिला, तर दांडा डगमगतो, क्लच दाबूनही गिअर खरखरतात, आणि तेवढ्यासाठी सारी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावी लागते.

या कड्याची एक गंमत आहे. गाडी धावत असते तेव्हा क्लच जुळलेला असतो. क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्सचा दांडा एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे कड्यात घर्षण होतच नाही. सिग्नलला आपण गिअरमध्ये क्लच दाबून उभे राहतो, तेव्हा मात्र इंजिन फिरत असते आणि दांडा स्थिर असतो. पायलट बेअरिंगचे काम एवढ्याच वेळापुरते. मग एवढेसे काम करून ते झिजते का? याचे उत्तर शोधायचे तर शंभराहून अधिक वर्षे मागे जावे लागेल.

यंत्रांना तेल देणे माणसाला फार पूर्वीपासून माहीत होते. तेल नेमके काय करते, हे मात्र कोणालाच नीट सांगता येत नव्हते. १८८० च्या दशकात इंग्लंडमधील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने घर्षणाच्या अभ्यासाचे काम बीचम टॉवर या अभियंत्याकडे सोपवले. रेल्वेच्या डब्याचा भार आसावर टेकतो, तशीच रचना त्याने केली. फिरणारा आडवा आस, त्याचा खालचा भाग तेलात बुडालेला, आणि वरून भार दिलेले गनमेटलचे अर्धगोल बेअरिंग. पुढे वरून तेल देता यावे म्हणून त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. भोकात लाकडी बूच ठोकून बसवले, तर तेलाने तेही बाहेर ढकलले.

टॉवरने तेथे दाबमापक जोडला. बेअरिंगवरचा भार दर चौरस इंचास सरासरी १०० पौंड होता, पण काटा २०० च्याही पुढे गेला. याचा अर्थ एकच होता. आस आणि बेअरिंग एकमेकांना टेकलेलेच नव्हते. तेलाच्या पातळ थराने सारा भार उचलून धरला होता. टॉवरचा अहवाल १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. मँचेस्टरचे प्राध्यापक ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये त्याची गणिती उपपत्ती मांडली. फिरणारा आस चिकट तेलाला आपल्याबरोबर ओढतो आणि अरुंद होत जाणाऱ्या फटीत कोंबतो. पाचरीसारख्या या फटीत दाब वाढतो व आस तरंगतो. त्यासाठी दोन गोष्टी हव्यात : पुरेसा वेग आणि तेलाचा अखंड पुरवठा.

आता पायलट बेअरिंगकडे पाहू. क्लच कोरडा राहिलाच पाहिजे. तेल लागले तर प्लेट घसरते. म्हणून येथे तेलाचा पुरवठा करता येत नाही. फिरणेही थांबत थांबत, थोडा थोडा वेळ. टॉवरचा तरंगता थर येथे टिकून राहणे कठीण, आणि म्हणून धातूला धातू घासतो.

यावर १९३० च्या सुमारास मोटारउद्योगात आलेला एक उपाय आजही वापरात आहे. सुमारे ९० टक्के तांबे आणि १० टक्के कथील यांची पूड साच्यात दाबून, वितळू न देता भाजली, की कणाकणांत सांधलेले पण सच्छिद्र कासे तयार होते. त्याच्या छिद्रांत तेल भरतात. आकारमानाचा जवळजवळ पाचवा भाग तेलाचाच असतो! कडे तापले की तेल पृष्ठभागावर येते. थंड झाले की केशाकर्षणाने बरेचसे परत शोषले जाते. अशा नव्या बुशमध्ये तेल भरून दोन्ही तोंडे अंगठा व बोटाने घट्ट दाबली, तर बाहेरच्या बाजूवर तेलाचे थेंब फुटताना दिसतात. काही गाड्यांत बुशऐवजी सुईसारख्या बारीक रुळांचे बेअरिंगही असते.

आणि झिजलेले बुश काढायचे कसे? ते खळग्यात घट्ट बसलेले असते; मागून ठोकायला जागा नसते. मेकॅनिक काय करतो? बुशच्या भोकातून मागची पोकळी ग्रीसने गच्च भरतो, भोकात नेमका बसेल असा दांडा घालतो आणि हातोडा मारतो. काही घावांत बुश बाहेर सरकते. समजा, आतला व्यास १५ मिमी आणि बाहेरचा २५ मिमी आहे. दांड्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ १५ च्या वर्गाच्या, म्हणजे २२५ च्या प्रमाणात. बुशच्या कंकणाकृती पाठीचे ६२५ वजा २२५, म्हणजे ४०० च्या प्रमाणात. दांड्यावरील जोराच्या सुमारे १.८ पट जोर बुशच्या पाठीवर पडतो. पास्कलचा हा नियम त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापला गेला, आणि त्यावरच जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये द्रवदाब यंत्राचे पेटंट घेतले. ग्रीस उडते, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा. नंतर ते पूर्ण पुसून काढायला हवे. नाहीतर नव्या बुशची छिद्रे बुजतात.

टॉवरचे बूच आणि मेकॅनिकचे बुश, दोन्ही कोंडलेल्या दाबानेच बाहेर ढकलले. पहिल्यात दाब फिरत्या आसाने निर्माण केला, दुसऱ्यात हातोड्याने. पास्कलचा नियम शिकवताना फळ्यावर दोन दट्ट्यांची आकृती काढतोच आपण. तिच्याशेजारी हे बुशही काढावे, आणि जवळच्या गॅरेजमधून एखादे झिजलेले कडे मागून आणून वर्गात फिरवावे. ज्या मुलांना पुढे गॅरेजमध्ये काम करायचे आहे, त्यांना आपले पुस्तक परके वाटणार नाही.