व्हिएन्नातल्या दोन मुलींचे हात

१९५४ सालची गोष्ट. व्हिएन्नात आन्द्रेआस रेट या बालरोगतज्ज्ञांकडे दोन मुली आपापल्या आईजवळ नंबराची वाट बघत बसल्या होत्या. दोघीही हात धुतल्यासारखे एकमेकांवर सारखे चोळत होत्या. एवढ्या पेशंटांत कोण बघतं हो इतकं? रेटनी बघितलं. जुनी कागदपत्रं काढली, तर तशाच आणखी मुली सापडल्या. १९६६ साली त्यांनी ते जर्मनमध्ये छापलं. फारसं कुणी वाचलं नाही. १९८३ साली स्वीडनच्या बेंग्ट हागबर्ग आणि सहकाऱ्यांनी अशा ३५ मुलींची हकीकत इंग्रजीत लिहिली, तेव्हा कुठे 'रेट सिंड्रोम' जगाला कळला. (भाषेचा महिमा, दुसरं काय!)

अशी मुलगी पहिले ६ ते १८ महिने चारचौघींसारखी वाढते. मग आलेले शब्द जातात, हातात खेळणं धरणं जातं. साधारण १०,००० मुलींत एक.

कारण सापडलं १९९९ साली, ह्यूस्टनला हुदा झोघबी यांच्या प्रयोगशाळेत. माझ्या मास्तरकीच्या भाषेत सांगते. प्रत्येक पेशीत डीएनएचं पुस्तक तेच. पण मेंदूच्या पेशीने कोणते धडे वगळायचे, याच्या खुणा केलेल्या असतात. खूण म्हणजे मिथाइल नावाचा चिमुकला रासायनिक गट. त्या खुणा वाचणारं एक प्रथिन एड्रियन बर्ड यांच्या गटाने १९९२ सालीच शोधलं होतं, एमईसीपी२. या मुलींत नेमकं त्याचंच जनुक बिघडलेलं. बाकी पुस्तक ठीक, खुणा ठीक, वाचणारा गैरहजर!

मुलीच का? हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलीच्या दोन एक्सपैकी एक प्रत्येक पेशीत बंद होतं. ते बंद करतो 'झिस्ट', प्रथिन न बनवणारा आरएनए, १९९१ साली सापडलेला. कुठल्या पेशीत कुठलं बंद होईल ते नशीब. म्हणून तिच्या साधारण अर्ध्या पेशी चांगल्या जनुकावर चालतात आणि ती जगते. एकच एक्स असलेला मुलगा बहुधा लहानपणीच दगावतो.

आपल्याकडे असं मूल झालं की पहिलं बोट आईकडे. इथे बिघाड बहुतेक वेळा नव्यानेच झालेला असतो, आणि तोही बापाकडून आलेल्या एक्सवर. (लगेच बापाकडे बोट नको, तो त्याच्याही हातात नसतो.)

रेट १९९७ साली वारले, कारण सापडण्याआधी दोन वर्षं. २००७ साली बर्ड यांच्या गटाने आजारी, वाढलेल्या उंदरांत ते जनुक पुन्हा चालू केलं. बरीचशी लक्षणं गेली! म्हणजे मेंदूच्या पेशी मेल्या नव्हत्या, अडून बसल्या होत्या. २०२३ साली अमेरिकेत पहिलं औषध मंजूर झालं. ते जनुक दुरुस्त करत नाही, काहींना थोडा आराम देतं, एवढंच. जनुक-उपचारांच्या चाचण्याही मुलींवर सुरू झाल्या आहेत.