‘गिव्ह अप’ची पूर्वपीठिका

इंग्रजीत क्रियापदानंतर ‘अप’, ‘इन’, ‘ओव्हर’ यांसारखे छोटे अव्यय येऊन दोहोंचा मिळून एक स्वतंत्र अर्थ होतो, तेव्हा त्या जोडीला ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. ही संज्ञा लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ मधील ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या ग्रंथातून पुढे आली. अशा जोड्या मात्र कित्येक शतके जुन्या आहेत.

प्राचीन इंग्रजीत हे काम बहुधा उपसर्ग करीत. ‘देणे’ या अर्थाचे क्रियापद तेव्हा ‘य’सारख्या ध्वनीने सुरू होई आणि त्याला ‘ऑफ’ हा उपसर्ग लागला की ‘सोडून देणे’ असा अर्थ होई. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या पूर्व व उत्तर भागांत वसलेल्या स्कॅन्डिनेव्हियन लोकांच्या भाषेत ‘गेफा’ हे क्रियापद होते, आणि ‘गिव्ह’मधला आजचा ‘ग’ त्यांच्याच सहवासातून आला, असे मानले जाते.

त्याच पूर्व भागातील पीटरबरोच्या मठात लिहिलेल्या आणि ११५४ च्या नोंदीपाशी थांबलेल्या इतिवृत्तात एक मोलाचा पुरावा आहे. राजा स्टीफन याने सॉल्झबरीचा बिशप रॉजर, त्याचा पुतण्या लिंकनचा बिशप अलेक्झांडर आणि चॅन्सेलर रॉजर यांना ऑक्सफर्ड येथे पकडले व आपापले किल्ले हवाली करीपर्यंत कैदेत ठेवले, असे तेथे म्हटले असून, ‘हवाली करणे’ यासाठी ‘देणे’ आणि ‘अप’ हीच जोडी योजलेली आहे. विशेष म्हणजे क्रियापदाचा आरंभ तेथे अजून जुन्या ‘य’नेच होतो. शरणागतीचा हा शब्दप्रयोग त्या नोंदीत दगडी तटबंदीच्या ताब्याविषयी आहे, मनाच्या पराभवाविषयी नव्हे.

शरण जाण्यासाठीच्या इतर इंग्रजी शब्दांपैकी ‘यील्ड’चा मूळ अर्थ ‘चुकते करणे’ असा होता, तर ‘सरेंडर’ हा जमिनीवरील हक्क परत करण्यासंबंधीचा, फ्रेंचमधून आलेला कायद्याचा शब्द होता. म्हणजे तिन्ही शब्दांच्या मुळाशी काहीतरी मूर्त देणे आहे. पुढे प्रचारात आलेल्या ‘गिव्ह इन’मध्ये मात्र द्यायची वस्तूच उरली नाही आणि केवळ इच्छेचे नमणे शिल्लक राहिले.

सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेत अशा जोड्या परकीयांना सर्वांत अवघड जातात, हे ओळखून त्या काळजीपूर्वक नोंदवल्या. मराठी वाचकालाही ‘गिव्ह इन’ची फोड ‘आत देणे’ अशी करून काहीच हाती लागत नाही, कारण इंग्रजी जेथे देते, तेथे मराठी नमते घेते आणि माघारही घेते.